न सादळलेला चिवडा

१

दसऱ्याची सुट्टी संपवून आण्णा ठाणग्यांची सूतगिरणी सुरू झाली आणि पहिल्या खात्यातला धागा तुटायला लागला. एक सांधावा तर शेजारचे दोन तुटायचे. कापसाचा भुरा हवेत तरंगत होता, बायकांच्या साड्या अंगाला चिकटत होत्या आणि लोखंडाला हात लावला की झटका बसत होता. मधल्या भिंतीपलीकडे दुसऱ्या खात्यात मात्र त्याच कापसावर तशीच यंत्रं निवांत चालली होती.

दोन दिवस आण्णांनी दात-ओठ खाल्ले. तिसऱ्या दिवशी पाळी बदलताना, गेटवर, सगळ्या कामगारांसमोर त्यांनी नॅथन रणनवरेवर बोट रोखलं. "ह्यानंच घात केलाय गिरणीचा," ते ओरडले. "सोमवारी संध्याकाळपत्तुर चाळीतली खोली मोकळी कर."

नॅथन गिरणीचा एच प्लांट सांभाळायचा. सूतगिरणीत यंत्रांइतकीच हवाही सांभाळावी लागते, कारण कोरड्या हवेत धागा कडक होऊन तुटतो आणि फार ओल्या हवेत तो चिकटतो. म्हणून बाहेरची हवा मोठाल्या पंख्यांनी ओढायची, पाण्याच्या फवाऱ्यांतून गाळायची आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून खात्यात सोडायची. खातं थंड राहतं, ओलंही राहतं. फवारे किती सोडायचे हे नॅथन ठरवायचा, आणि पहिल्या खात्याचे फवारे त्याने सुट्टीनंतर जवळजवळ बंदच ठेवले होते. वॉल्व्ह फिरवताना त्याला चौघांनी पाहिलं होतं.

सोमवारी सकाळी आण्णांचा मला फोन आला. "सिल्व्हियाबाई, चोर घावलाय. निस्ता पुरावा तेवढा हुडकून द्या."

मी पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यापासून कोल्हारला घरी बसून चार कोंबड्या आणि दोन भाडेकरू सांभाळते. "चोर सापडलाय तर मला कशाला बोलावता?" मी म्हटलं. पण स्कूटी काढली. एक तर आण्णांच्या घरचं जेवण मला ठाऊक होतं. दुसरं म्हणजे, आधी चोर ठरवून मग पुरावा शोधणारी माणसं मी नोकरीत इतकी पाहिली होती की अशा वेळी मला घरी बसवतच नाही.

२

बेलापूरच्या अलीकडे, उसाच्या मळ्यांत गिरणीची पत्र्याची लांबलचक छपरं दिसतात. गेटमधून आत शिरले तर आण्णा स्वतः उभे. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा आणि पहाडी आवाज. मी उतरते न उतरते तोच त्यांनी खिशातून पितळी डबी काढली आणि माझ्या स्कूटीच्या कपाळावर अंगठ्याने टिळा लावला.

"दसऱ्याला तुमच्या गाडीची पूजा झाली नसंल. म्हनलं आपुनच करावी."

आता आम्ही पिढ्यान् पिढ्या चर्चमध्ये जाणारी माणसं, आमच्या स्कूटीला कशाचा टिळा? पण आण्णा मनापासून करत होते, म्हणून मी "बरं झालं" म्हटलं. टिळ्याला माझं बोट लागलं ते भडक केशरी झालं. नळाखाली धरलं तर पाणी त्यावरून नुसतं ओघळलं. शेवटी स्कूटीच्या डिकीतल्या फडक्याला पुसलं.

"नॅथनवर इतका राग का?" मी विचारलं.

"राग? आवं, पोरासारखा वागवला त्याला. खंडेनवमीला समद्या गिरणीची पूजा झाली. पहिल्या खात्यातलं एकेक यंत्र मी ह्या हातानं पुजलं. ह्यो तेवढा न्हाई आला परसादाला. म्हनला प्लांट धुवायचाय. तवाच ह्याच्या पोटात काय तरी शिजत आसनार."

"आणि दुसऱ्या खात्यात पूजा कोणी केली?"

"प्रयोगशाळेतल्या पंकजानं. माझी कंबर धरली तवा, म्हनून तिला पाठवली." आण्णांचा आवाज खाली आला. "बाई, इचलकरंजीचा गिऱ्हाईक उद्या सूत बघायला येतोय. त्यानं हात आखडला तर पहिलं खातं बंद ठिवावं लागंल. शंभर बायका घरी बसतील. मी गप कसा राहू?"

म्हणजे आण्णांचा राग निव्वळ हेका नव्हता. मी त्यांना तिथेच ठेवलं आणि आत गेले.

३

पहिल्या खात्याचा जॉबर सहादेव दारातच भेटला. रोड, काळासावळा, डोळे सतत फिरते. यंत्रांची निगा त्याच्याकडे.

"नॅथनचं आणि माझं जमत न्हाई हे खरं हाय," न विचारताच तो म्हणाला. "पर म्या माझ्या डोळ्यानं बघितलं, वॉल्व आवळत हुता. त्याला म्हनलं, आरं, हितं व्हट फुटाया लागल्यात. तर म्हनतो, काटा सांगतोय हवा लई वली हाय. खोटारडा!"

प्रयोगशाळेतली पंकजा वेगळंच बोलली. डिप्लोमा झालेली, नीटनेटकी, वातानुकूलित खोलीत बसणारी मुलगी. "मॅडम, नॅथनदादा खोटं बोलत नाहीत. मी स्वतः जाऊन पाहिलं, पहिल्या खात्यातला थर्मामीटर हवा ओलीच दाखवतो. माझं हातातलं यंत्र पुण्याला दुरुस्तीला गेलंय, नाहीतर दुसऱ्यांदा खात्री केली असती. मला वाटतं, सुट्टीत सहादेवने यंत्रं उघडून साफ केली, तेव्हाच त्याने काहीतरी बिघडवलंय आणि आता नॅथनदादांवर ढकलतोय."

मी मान डोलावली. गेटवरच्या वॉचमनकडून मला एवढंही कळलं होतं की पंकजाच्या दिराने नॅथनच्या जागेसाठी दोनदा अर्ज केला होता. म्हणजे नॅथन गेला तर तिच्या घरात पगार येणार होता, आणि तरी ती त्याची बाजू घेत होती. मी तिला मनातल्या मनात चांगले गुण दिले.

मग मी एच प्लांटमध्ये गेले, आणि खरं सांगते, माझा सगळा शीण उतरला. ऑक्टोबरचं ऊन बाहेर भाजत होतं आणि आत दुसऱ्या खात्याचे फवारे झिरमिरत होते. नवा माठ भरल्यावर येतो तसा वास होता. नॅथन फवाऱ्यांच्या तोट्या उघडून चुना खरवडत बसला होता. पन्नाशीचा, दाढीत पांढरं मिसळलेलं. संध्याकाळी हाकलणार म्हणून सांगितलेला माणूस सकाळी तोट्या साफ करत बसतो, हे मी नोंदवून ठेवलं.

"सलाम, बाई," तो उठून म्हणाला.

"सलाम. पहिल्या खात्याचे फवारे तूच बंद केलेस?"

"व्हय. मीच."

"का?"

"चला, दावतो."

पहिल्या खात्याच्या खांबावर दोन नळ्यांचा थर्मामीटर टांगला होता. गिरणीत त्यालाच काटा म्हणत. एक नळी तशीच उघडी. दुसरीच्या बुडाला कापडी वात गुंडाळलेली, आणि वातीचं टोक खालच्या पाण्याच्या कुपीत. नॅथनने समजावलं ते सोपं होतं. वातीतलं पाणी उडतं तशी ती नळी गार होते, माठ गार होतो तशीच. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि दोन पाऱ्यांत मोठं अंतर पडतं. हवा ओली असली की दोन्ही पारे जवळजवळ येतात. इथे तर ते जवळजवळ खेटूनच उभे होते. दुसऱ्या खात्यातल्या थर्मामीटरवर अंतर चांगलं बोटभर होतं.

"आता सांगा," नॅथन म्हणाला, "येवढी वली हवा असताना अजून पानी सोडलं तर सूत चिकटंल का न्हाई? मी काट्याचं ऐकलं. दुसरं काय करनार हुतो?"

काटा खरा होता तर नॅथन निर्दोष होता. पण मग धागा का तुटत होता?

४

मला भूक लागली की मी फार विचार करू शकत नाही. दुपारी पहिल्या खात्यात झाडलोट करणाऱ्या बायडाबाई ओट्यावर डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली, पदराने ओटा झाडला आणि हातावर मूठभर चिवडा ठेवला.

"सकाळधरनं उघडा पडलाय डबा, पर हाय बगा अजून तसाच," त्या म्हणाल्या.

मी तोंडात टाकला. कुर्रकन वाजला. दुसरा घास घेतला, तोही कुर्रकन.

"बायडाबाई, हा चिवडा एरवीही असाच राहतो?"

"कुठला वो! ह्या खात्यात मानसाचं हाड सादळतं, चिवडा काय ऱ्हानार? ह्या आठवड्यातच लई कुरकुरीत ऱ्हायाला लागलाय. मी म्हनलं, ह्या बारीला तळनी झ्याक झाली."

मी उरलेल्या चिवड्याच्या दोन पुड्या बांधल्या. एक पहिल्या खात्याच्या खिडकीत उघडी ठेवली, दुसरी दुसऱ्या खात्याच्या. मग आण्णांच्या घरी जाऊन जेवले. तासाभरापेक्षा जास्तच बसले, कारण आमटी फार चांगली होती. परत आले तर दुसऱ्या खात्यातला चिवडा ओल्या चिंधीसारखा मऊ पडला होता आणि पहिल्या खात्यातला तसाच कुरकुरीत होता.

म्हणजे पहिल्या खात्यातली हवा कोरडी ठणठणीत होती. नॅथन खोटं बोलत नव्हता, पंकजा बोलत नव्हती आणि सहादेवही नाही. खोटं बोलत होता तो खांबावरचा थर्मामीटर, आणि त्याला हात लावायचा हक्क गिरणीत एकट्या नॅथनला होता.

मी हे आण्णांना सांगायला नको होतं, पण जेवताना तोंडून निघून गेलं होतं की चिवड्याचा प्रयोग चाललाय. निकाल ऐकायला ते मागोमाग आले. ऐकला आणि मांडीवर थाप मारली. "बगा! म्हनलं नव्हतं? काटाच बिघडवला ह्यानं!"

"आण्णा, संध्याकाळ व्हायची आहे अजून," मी म्हटलं. मग नॅथनच्या खोलीकडे निघाले.

५

गिरणीच्या चाळीत नॅथनच्या खोलीसमोर वळकट्या बांधून ठेवल्या होत्या. त्याची बायको कृपा भांडी पोत्यात भरत होती. चाळीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या, पण पुढे कोणी येत नव्हतं.

"मालकांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिलाय," मी म्हटलं.

"मला न्हाई थांबायचं, बाई. आनी मालक जाऊ नको म्हनले तरी थांबायचं न्हाई. गेटावर समद्यांफुडं घातकी म्हनले. ह्याच नळावर उद्या पानी भराया कशी जाऊ मी? बेलापुरात माझा भाऊ हाय." बोलता बोलता तिने कोनाड्यातून एक छोटी पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढे धरली. "ही बगा. दर शनवारी मी जुन्या मलमलीची वात करून देते, धुवून, उकळून. येवढी काळजी घेनारा मानूस घात करंल का?"

पुरचुंडीत पांढरीशुभ्र, कोरी वात होती. मी ती बोटांत धरली आणि माझ्या लक्षात आलं.

"ही परवाच्या शनिवारची? मग घरी कशी?"

"खिशात घेऊन गेल्ते हे," कृपा हळूच म्हणाली. "तशीच माघारी आनली."

नॅथनने शनिवारी वात बदललीच नव्हती. इतक्या वर्षांत जे काम एकदाही चुकलं नव्हतं, ते याच आठवड्यात. मी तडक प्लांटमध्ये गेले आणि त्याला विचारलं. तो खाली बघत राहिला.

"राह्यली, बाई."

"राहिली की ठेवलीस?"

तो पुन्हा तोटी खरवडायला लागला. नोकरीत मी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. पण हा माणूस काहीतरी लपवत होता आणि ते लपवताना त्याला अपराध्यासारखं वाटत नव्हतं, अवघडल्यासारखं वाटत होतं. आण्णांच्या पूजेला न आलेला हा माणूस. दोन्ही खात्यांत यंत्रं एक, कापूस एक, नॅथन एक, पाणी एक. वेगळं काय होतं? मी स्वतःचं बोट पाहिलं. सकाळचा केशरी डाग नखाच्या कडेला अजून तसाच होता.

मी पायऱ्या चढून पहिल्या खात्यात धावले. माझ्या वयाला शोभत नाही, पण धावले.

६

पाळी बदलायच्या वेळी मी सगळ्यांना खांबाजवळ बोलावलं. आण्णा, सहादेव, पंकजा, नॅथन, आणि यंत्रांआडून माना वर काढणाऱ्या बायका.

"आण्णा, तुमची डबी द्या. हा टिळा कशाचा असतो?"

"शेंदूर. तेलात खललेला. आमच्या मारुतीला वाह्यतो तोच. माझ्या बापापासनं हीच रीत हाय."

"पंकजा, दुसऱ्या खात्यात तू काय लावलंस?"

"हळदीकुंकू, पाण्यात कालवून. घरी आम्ही तसंच करतो."

"आता सगळ्यांनी बघा." मी थर्मामीटरची वात गुंडाळलेली बाजू उजेडाकडे केली. पाऱ्याच्या फुगीर बुडावर, अगदी वातीवरच, शेंदराचा जाड टिळा होता. वात कुपीपासून वरपर्यंत तुकतुकीत दिसत होती. मी बोट पाण्यात बुडवून तिच्यावर एक थेंब सोडला. थेंब आत शिरलाच नाही. अळवाच्या पानावर राहावा तसा गोल राहिला आणि घरंगळून पडला.

"तेल उतरलं वातीत," पंकजा पुटपुटली. "पाणी वर चढतच नाही."

"पाणी चढत नाही म्हणून उडत नाही. उडत नाही म्हणून नळी गार होत नाही. दोन्ही पारे खेटून उभे राहतात आणि थर्मामीटर म्हणतो हवा ओली. नॅथन त्याचं ऐकून फवारे बंद करतो, आणि हवा आणखी कोरडी होते. दुसऱ्या खात्यातलं कुंकू पाण्यातलं, ते वातीला आडवं आलं नाही. आण्णा, पहिल्या खात्यातलं एकेक यंत्र तुम्ही स्वतःच्या हाताने पुजलंत, असं तुम्हीच मला सांगितलंत."

आण्णांचा अंगठा आपोआप धोतराआड गेला.

"नॅथन, वात बदल," मी म्हटलं.

नॅथनने कृपाची वात घेतली. पण पुढे झाला नाही. आण्णांकडे पाहिलं. "मालक, पुसू का?"

"म्हंजी?" आण्णा म्हणाले.

"शनवारी बदलाया आल्तो. बघितलं तर तुमचा टिळा. दसऱ्याचा टिळा यंत्रावरनं कुनी पुसत न्हाई, आपसूक जाईस्तवर ठिवत्यात, हे मला ठावं हाय. त्यात मी ख्रिस्ती मानूस. तुमी देवाच्या नावानं वाह्यलेलं मी कसं पुसू? कुनाला काय वाटंल? वात चमकत हुती, मला वाटलं भिजलेली हाय. म्हनलं एक आठवडा चालंल. चूक माझी हाय, मालक. कामाच्या जागी लाजाया नको हुतं."

मी आजवर पुष्कळ कबुल्या ऐकल्या, पण असली नाही. एकाने श्रद्धेने लावलं, दुसऱ्याने त्या श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून हात लावला नाही, आणि दोघांच्या भलेपणात गिरणी सुकली. मला त्या दोघांवरही माया आली आणि दोघांच्या कानाखाली एकेक द्यावीशी पण वाटली.

आण्णा पुढे झाले. धोतराच्या सोग्याने त्यांनी स्वतः तो टिळा पुसला, जुनी वात ओढून काढली आणि नॅथनला जागा करून दिली. नॅथनने नवी वात बांधली. आम्ही सगळे त्या पाऱ्याकडे बघत उभे राहिलो. तो हलला, मग भराभर खाली उतरला, आणि दोन नळ्यांत बोटभराहून जास्त अंतर पडलं. नॅथन प्लांटकडे पळाला. थोड्या वेळाने बोगद्याच्या जाळ्यांतून गार, ओलसर झोत वर आला आणि भुरा हळूहळू खाली बसायला लागला. सहादेव एका यंत्रापाशी वाकून बराच वेळ उभा होता. "सांधलेला ऱ्हातुया," तो म्हणाला, आणि पुढच्या यंत्राकडे गेला. जरा वेळाने मी पाहिलं तर तो प्लांटच्या दाराशी उभा राहून नॅथनला काहीतरी सांगत होता, आणि नॅथन हसत होता.

"बाई," आण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "त्याला हापिसात बोलवून माफी मागतो. पगार बी वाढवतो."

"हापिसात नको," मी म्हटलं. "त्याची बायको निघालीय. आधी तिकडं चला."

चाळीत टेम्पो येऊन उभा होता. कृपा वळकट्या आत ढकलत होती. आण्णांना पाहून तिने पदर सावरला, पण आत या म्हणाली नाही. आण्णा उंबऱ्यापाशी थांबले.

"कृपाबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं."

"ऐकू न्हाई आलं, मालक," कृपा म्हणाली.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. मग त्यांनी चाळीकडे तोंड फिरवलं, दारादारात उभ्या असलेल्या बायकांकडे, नळावर थबकलेल्यांकडे, पाळी संपवून येणाऱ्यांकडे. गेटवर लावला होता तोच पहाडी आवाज लावला.

"ऐका समदे! घात नॅथननं न्हाई केला. माझ्या हातनं झाला. त्याला म्या समद्यांफुडं घातकी म्हनलं, ते खोटं हुतं!"

कोंबड्या उडाल्या. नळावरच्या एका बाईची कळशी भरून वाहत राहिली.

कृपाने टेम्पोतून एक वळकटी खाली ओढली, झटकली आणि ओट्यावर टाकली. "आता बसा, मालक," ती म्हणाली. "बाई, तुमी बी बसा. भांडी पोत्यात हायती. च्याचं पातेलं काढते आधी."